सोनपाखरूचे पुठ्ठे

मी रागीट बाई आहे. माहेरी हे सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि बल्लारपूरच्या गुणवंतराव शेठला कळायला अख्खा हिवाळा लागला. राग गिळावा असं लोक सांगतात. मी गिळून पाहिला, मला तो पचत नाही.

हा गुणवंतराव म्हणजे आमच्या बाजारातलं मोठं प्रस्थ. दुकानात एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला भांडी, आणि मध्ये गादीवर हा. सोनपाखरू चहाची एजन्सी त्याच्याकडे होती. बल्लारपूरपासून पार सिरोंच्यापर्यंत छोट्या दुकानांना चहा पुरवायचा तो हाच. त्या वर्षांत सगळ्या कंपन्यांना इनाम वाटायचं वेड लागलं होतं. साबणावर चमचा, बिस्किटांवर फुगा, दंतमंजनावर पेन. त्यात सोनपाखरूची स्कीम सगळ्यात भारी. चहाच्या खोक्यावर पुढच्या बाजूला पिवळं पाखरू असायचं. तेवढा पुठ्ठा कापून ठेवायचा, शंभर झाले की दुकानात द्यायचे आणि पाणी भरायचा पितळी गुंड घरी न्यायचा.

माझी लेक खुशबू लग्नाला आली होती. आमचे हे, म्हणजे देवाजी, कागद कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली. त्या पगारात आंदणाला पितळी गुंड घेणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मी पुठ्ठे जमवायला लागले, आणि एखादी गोष्ट मनावर घेतली की मी मग माणसासारखी वागत नाही. मोठं खोकं कधी घेतलं नाही. तेवढ्याच चहाची दोन लहान खोकी घ्यायची, म्हणजे चहा तेवढाच आणि पुठ्ठे दोन. सणाच्या आधी खरेदी करायची नाही, सण उलटला की दुकानदार उरलेला माल भाव उतरवून देतो तेव्हा घ्यायची. वस्तीतल्या बायांना मी त्यांच्या पुठ्ठ्यांच्या बदल्यात चिंच फोडून दिली, गोधड्या शिवून दिल्या. घरी पाहुणा आला की त्याला दोनदा चहा. हे म्हणायचे, "अंजने, आता अंगात रगत कमी आन चहाच जास्त हाय."

शंभर पुठ्ठे झाले तशी मी ते शेठकडे जमा केले. शेठ म्हणाला, "गुंड आला की सांगतो बाई." मी महिनाभर वाट पाहिली. दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर.

तोवर खुशबूचं जमलं. मुलगा सुरेंद्र, कुरखेड्याचा, धानाची शेती आणि हातात गवंडीकाम. त्याची आई सयाबाई लग्नाच्या खरेदीला बल्लारपूरला आली. मला वाटलं, विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत गुंड घ्यावा. आपली लेक काही रिकाम्या हातानं येत नाही, हे त्यांनाही दिसेल. मी त्यांना मुद्दाम त्या दुकानात नेलं.

वर फळीवर गुंड ओळीनं लावलेले होते. प्रत्येकाच्या गळ्यात सोनपाखरूची चिठ्ठी. मी म्हटलं, "शेठ, आले वाटते गुंड. माहा एक द्या."

"थे विकाचे हाय."

"विकाचे कसे? कंपनीनं पुठ्ठ्यावर देल्ले ना थे? माहे पुठ्ठे तुमच्यापाशी जमा हाय."

दुकानात गर्दी होती. शेठनं सगळ्यांकडे पाहून घेतलं आणि हसत म्हणाला, "कोनते पुठ्ठे? उकिरड्यावरचे खोके वेचून आनाचे आन गुंड मांगाचा. कचरा वेचाची सवयच हाय तुमच्या लोकायले."

तुमच्या लोकायले. म्हणजे कोणाला, ते दुकानातल्या प्रत्येकाला समजलं. सयाबाईंनाही, त्याही आमच्यातल्याच. दोघं-तिघं हसलेसुद्धा. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, गाव सोडलं, गावकीची कामं सोडली, ते त्याच्या लेकरानं हे ऐकावं म्हणून नाही. मी राग गिळला. आयुष्यात पहिल्यांदा. सयाबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चला विहीनबाई." रस्ताभर त्या बांगड्यांच्या भावाचं बोलत राहिल्या, आणि तेच मला जास्त लागलं.

लग्न झालं. आंदणात गुंड नव्हता, साधी कळशी होती.

दिवाळीला खुशबू माहेरी आली. तांदूळ निवडता निवडता सहज सांगावं तसं तिनं सांगितलं. घरी कोणी पाहुणं आलं आणि ती पाणी घेऊन पुढे झाली की सयाबाई म्हणतात, "थांबा बाप्पा, आमच्या सुनेचा गुंड उकिरड्यावरून येऊन राह्यला." पाहुणे हसतात. मग गल्लीतल्या बायाही नळावर तिला तेच विचारतात, गुंड आला का गं? लेक रडली नाही. खडे वेचून बाजूला टाकत राहिली. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि कदाचित तिथंच सगळं निवलं असतं. तिच्या त्या कोरड्या डोळ्यांनी माझ्या डोक्यात जाळ केला.

"कोन बोलला होता थे शब्द?" मी म्हटलं. "त्यानंच यावं, तुह्या सासूच्या अंगनात उभं राहावं आन परत घ्यावे."

"कोन, शेठ?" खुशबू म्हणाली. "आई, थो येईन का कुरखेड्याले?"

"येईन. गुंड खांद्यावर घेऊन येईन."

कसं ते मलाही माहीत नव्हतं. ते कळलं प्रफुलकडून. प्रफुल आमच्याच वस्तीतला, सोनपाखरू कंपनीची गाडी चालवायचा आणि दुकानादुकानांत माल टाकायचा. दिवाळीच्या फराळाला आला, आणि चकली खाताखाता म्हणाला, "काकू, तुमचा शेठ आता विमानात बसते."

कंपनीनं एजंटांसाठीही स्कीम काढली होती. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून ज्याच्याकडून सगळ्यात जास्त पुठ्ठे कंपनीत पोचतील त्या एजंटाला जोडप्यानं दार्जिलिंगची सहल. नागपूरहून विमानानं जायचं, चहाचे मळे पाहायचे, मोठ्या हॉटेलात राहायचं. डिसेंबर संपला की हिशेब बंद. दुसरा एजंट वडश्याला होता आणि शेठच्या थोडाच मागे होता.

"शेठचे एवढे पुठ्ठे येते कुठून?" मी विचारलं.

"गावखेड्यातून. छोटे दुकानदार खोके फोडते आन चहा सुटा विकते. पुठ्ठे तसेच पडून राह्यते. शेठ आपल्या मानसाले पाठवते आन गोळा करते. गुंड देतो म्हनते, देत कोनालेच नाई."

मला तिथंच सगळं दिसलं. माणसाला कुठं चिमटा काढायचा ते एकदा कळलं की मग झोप छान लागते. मी त्या रात्री मेल्यासारखी झोपले.

एसटीचा तो पास होता ना, आवडेल तेथे प्रवास. एकदा पैसे भरले की मुदतीत कुठल्याही लाल गाडीत बसा, कुठंही उतरा. लोक तो काढून देवदर्शनाला जात. ह्यांना बोनस मिळाला होता, त्यातून मी पास मागितला. ह्यांनी डोक्याला हात लावला. "गेला गुंड त गेला ना अंजने. काऊन जिवाले लावून घेतलं?" पण माझं तोंड पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी चंद्रपूरच्या डेपोतून पास आणून दिला. म्हणाले, "तुह्या डोक्यातलं भूत उतरते त सस्तंच पडलं म्हनाव."

त्या पासाचा जेवढा रस मी काढला तेवढा महामंडळाच्या इतिहासात कोणी काढला नसेल. लांबची गाडी संध्याकाळी धरायची, म्हणजे झोप गाडीत होते आणि मुक्कामाची काळजी नाही. जेवणाच्या वेळेला खुशबूच्या घराजवळून जाणारी गाडी पकडायची. मूल, गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, आष्टी, अहेरी. जिथं बाजार असेल त्या गावी बाजाराच्या दिवशी उतरायचं. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात. रात्रभर नाटक चालतं आणि रात्रभर चहा उकळतो. मी सकाळी पोचायची. मंडप सोडणं चाललेलं असायचं आणि चहाच्या टपरीमागे खोक्यांचा ढीग असायचा. एका कंडक्टरनं पास पाहून विचारलं, "देवदर्शनाले का बाई?" आम्ही देवबिव मानत नाही. पण मी म्हटलं, "हो भाऊ. एका देवाले प्रसाद चढवाचा हाय."

दुकानदार आधी पुठ्ठे देईनात. फुकट कोण देतो? शेठनं त्यांचे पुठ्ठे वर्षभर तोंडी वायद्यांवर नेले होते, आता ते शहाणे झाले होते. माझ्याकडे द्यायला काय होतं? पास होता. मला गाडीभाडं पडत नव्हतं, एवढीच काय ती माझी श्रीमंती. आरमोरीच्या दुकानदाराची लेक धानोऱ्याला दिली होती. मी म्हटलं, "काही पाठवाचं असन तिच्यासाठी त मी नेतो." त्याच्या बायकोनं सुकटीची पिशवी दिली आणि त्यानं पुठ्ठ्यांचा गठ्ठा. धानोऱ्यात लेकीनं आईसाठी मोहाचे लाडू दिले आणि वर नवऱ्याच्या टपरीवरचे पुठ्ठे. मग हे तोंडोतोंडी पसरलं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, घरोघरी लग्नपत्रिका वाटायच्या होत्या, आणि आमच्याकडे पत्रिका टपालानं पाठवली की सोयरे रुसतात, हातानंच नेऊन द्यावी लागते. मी पत्रिका नेल्या, औषधं नेली, एकदा तर कोंबडा नेला. कोंबड्यानं सगळी गाडी डोक्यावर घेतली. दर फेरीला पुठ्ठे कुरखेड्याला खुशबूच्या घरी उतरवायची. धानाच्या कोठीशेजारी पोती उभी राहायला लागली.

सयाबाई त्या पोत्यांकडे पाहून शेजारणीला ऐकू जाईल असं बोलल्या, "पाह्य वो, सुनेच्या मायनं इथी कचऱ्याचं गोदाम उघडलं." खुशबूनं मान खाली घातली. मी मात्र हसले. मला माहीत होतं मी काय साठवतेय ते.

पास संपला तेव्हा ह्यांनी मला समजावून पाहिलं. ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "एवढे पुठ्ठे वडश्याच्या एजंटाकडे नेले त थो इमानदारीनं गुंड देते. घर भरन आपलं. पोरीलेही दे, वस्तीतही वाट."

"मले गुंड नाई पाह्यजे," मी म्हटलं. "मले थो पाह्यजे."

इकडे बल्लारपुरात शेठची वेगळीच धामधूम चालली होती. हार आधी आणि काम मागून, ही आमच्याकडची जुनी खोड. हिशेब बंद व्हायला महिना असतानाच व्यापारी मंडळानं दुकानासमोर मंडप टाकून त्याचा सत्कार ठेवला. विमानानं जाणारा बाजारातला पहिला व्यापारी म्हणून शाल, नारळ, फेटा. साप्ताहिकात नवरा-बायकोचा फोटो छापून आला. नागपूरहून चाकांची बॅग आणली, ती दुकानात दर्शनी ठेवली, आणि ज्याला त्याला ओढून दाखवायचा. मी सत्काराला गेले होते. मागच्या रांगेत बसून भाषणं ऐकली, टाळ्या वाजवल्या, दोन पेढे खाल्ले. चांगले होते पेढे.

सत्कारानंतर काही दिवसांनी शेठचा माणूस पुठ्ठे गोळा करायला गावोगाव फिरला आणि रिकामा परत आला. वडश्याचा एजंट पुढे निघून गेला होता. शेठनं प्रफुलला गाठलं, आणि प्रफुलनं, मी सांगितलं होतं तसं, खरं ते सांगून टाकलं.

शेठ आमच्या दारात आला. आमच्या वस्तीत त्यानं कधी पाय ठेवला नव्हता. दारातल्या चपलांकडे पाहत उभा राहिला. मी त्याला बसा म्हटलं नाही.

"अंजनाबाई," तो म्हणाला. आज मला नाव होतं. "थे पुठ्ठे मले देऊन टाका. काय पाह्यजे थे सांगा. गुंड घ्या. दोन घ्या. नगदी घ्या."

"एकच गुंड. माहा हक्काचा."

"आत्ता पाठवतो."

"पाठवाचा नाई. तुमी घेऊन याचा, कुरखेड्याले, माह्या लेकीच्या घरी. जीपनं नाई, लाल गाडीनं. स्टँडपासून घरापर्यंत सोताच्या खांद्यावर. आन तिच्या सासूपुढं सांगाचं, पुठ्ठे कोनाचे होते, खोटं कोन बोललं."

त्याचा चेहरा लाल झाला. तो तसाच परत फिरला, दहा पावलं गेला आणि थांबला. मला त्याच्या पाठीवरून सगळं वाचता येत होतं. शाल घेतली होती, फेटा बांधला होता, फोटो छापला होता. आता विमान चुकलं तर बाजारात तोंड दाखवायला जागा नव्हती. तो वळला.

"मंग पुठ्ठे देसान ना? नक्की?"

"शब्द देतो," मी म्हटलं. आणि मी तो पाळणार होते, हे इथं सांगून ठेवते. शत्रूला दिला तरी शब्द तो शब्द.

डिसेंबर संपत आला होता. संध्याकाळी प्रफुलची गाडी वडश्याला थांबणार होती, तोवर पोती तिथं पोचवली की शेठचा हिशेब पुरा. आम्ही पहाटेच निघालो. दोन्ही तिकिटं शेठनं काढली. मूलपर्यंत त्याला बसायला जागा मिळाली नाही, मला मिळाली. तो दांडी धरून उभा, एका हातात गुंड, आणि गाडी वळली की गुंड कोणाच्या तरी डोक्याला लागायचा. एक म्हातारा म्हणाला, "लगन हाय का भाऊ घरी?" शेठनं गुंड दुसऱ्या हातात घेतला. मी म्हटलं, "हो बाबा. मानपानाचं हाय."

कुरखेड्याला बाजार भरला होता. मी दिवस तसाच निवडला होता. भाजीवाल्या, मासे विकणाऱ्या बाया, बांबूच्या टोपल्या घेऊन बसलेली माणसं, सगळ्यांमधून गुणवंतराव शेठ खांद्यावर पितळी गुंड घेऊन चालला. त्याच्याकडून चहा घेणारे दोन दुकानदार तिथंच होते. त्यांनी उभं राहून पाहिलं. मी त्याच्या मागून चालत होते आणि मला इतका आनंद होत होता की पाय जमिनीला लागतात की नाही हे कळत नव्हतं. कोणी म्हणेल हे चांगलं नाही. नसेल.

अंगणात सयाबाई नुकत्याच बाजारातून येऊन खाटेवर बसल्या होत्या. शेजारपाजारच्या बाया आधीच कळवून ठेवल्यासारख्या जमल्या होत्या. कळवलंच होतं मी. शेठनं गुंड खाली ठेवला, घाम पुसला आणि पाठ केलेलं बोलावं तसं बोलला. "ह्या बाईचे पुठ्ठे माह्यापाशी जमा होते. मीच गुंड देल्ला नाई. वरतून वाकडं बोललो. चुकलं माहं."

मला वाटलं झालं. पण सयाबाई खाटेवरून उठल्या.

"काय बोलले होते थे सांगा ना शेठ."

"आता जाऊ द्या ना बाई."

"कसं जाऊ द्या? मी होती तिथी. मीच थे इथी आनलं आन साऱ्या गल्लीत वाटलं. आता तुमच्या तोंडून आयकू द्या साऱ्यायले."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाकडे पाहत राहिले. मग त्यानं ते वाक्य पुन्हा म्हटलं, जमिनीकडे पाहत, सगळं, तुमच्या लोकायलेसकट. दुकानात ते म्हणताना त्याचा आवाज खणखणीत होता. इथं शेवटचे शब्द ऐकायला बायांना पुढे वाकावं लागलं. कोणी हसलं नाही. सयाबाई घराकडे तोंड करून म्हणाल्या, "खुशबू, पाहुन्यायसाठी चहा ठेव."

शेठ खाटेच्या कडेवर टेकला आणि मला हळूच म्हणाला, "पोते काढा आता. गाडी थांबत नाई वडश्याले." मी पोती आणायला आत गेले.

कोठीशेजारी एकच पोतं होतं, तेही अर्धं. स्वयंपाकाच्या पडवीत चूल धडाडली होती. खुशबू चुलीपुढे बसून मूठमूठ पुठ्ठे आत सारत होती. बाकीची पोती तिच्या मागे रिकामी पडली होती. पहाटेपासून चाललं असावं. बाजूला आंघोळीचं पाणी तापवून ठेवलेलं होतं, गुराचं खाणं शिजलेलं होतं. जाळात पिवळी पाखरं आधी काळी व्हायची आणि मग वळून नाहीशी व्हायची.

मी आवाज दाबून म्हटलं, "अवो पोरी, काय करून राह्यली? मी शब्द देल्ला हाय त्याले!"

"तू देल्ला, आई. मी नाई देल्ला."

"त्याच्यात घरभर गुंड होते."

"मले नाई पाह्यजे." तिनं वर पाहिलं. डोळे तेच, दिवाळीतले, कोरडे. "नळावर रोज मीच जात होती. तुनं त्याले इथपर्यंत आनलं, तुहं झालं. माहं राह्यलं होतं."

मी तिच्या हातातला पुठ्ठा ओढून घेऊ शकले असते. अर्ध्या पोत्यानंही शेठचं काम झालं असतं कदाचित, वडश्याचा माणूस फार पुढे नव्हता. मी उभीच राहिले. तेवढ्यात मागून पावलं वाजली. चहा का होत नाही ते पाहायला सयाबाई आत आल्या होत्या.

त्यांनी चूल पाहिली, रिकामी पोती पाहिली. खुशबूचा हात हवेतच थांबला. मला वाटलं, आता ही ओरडेल, शेठला हाक मारेल, आणि लेकीचं ह्या घरातलं जगणं आणखी अवघड होईल. सयाबाईंनी ते अर्धं पोतं फरफटत चुलीजवळ आणलं, पदर खोचला आणि सुनेशेजारी खाली बसल्या.

"चहावर एवढे नाई जळत," त्या म्हणाल्या. "भात टाक. लाखोळीची डाळ टाक. मी त्याले जेवाले बसवते." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एक मोठी मूठ चुलीत घातली.

मी बाहेर येऊन शेठसमोर बसले. चहा आला. त्यानं घोट घेतला आणि म्हणाला, "वास लय भारी येऊन राह्यला. कोनता चहा हाय?" मी म्हटलं, "तुमचाच." तो पहिल्यांदाच जरा हसला. मग घड्याळ पाहून उठायला लागला, तर सयाबाईंनी त्याला दंडाला धरून बसवलं. पहिल्यांदा दारात आलेला माणूस, उपाशी कसा जाईल? आमच्याकडे जेवणाला नाही म्हटलं की घराचा अपमान होतो, आणि एका दिवसात दुसरा अपमान करायची त्याची छाती नव्हती. तो थांबला. पडवीतून पांढरा धूर येत राहिला, बाया डोळे चोळत राहिल्या, आणि तो खाटेवर बसून गुडघा हलवत राहिला.

पाट मांडला. ताटात गरम भात, डाळ, वांग्याची भाजी. भूक लागली होती त्याला, भराभर जेवला. अर्धं ताट झाल्यावर त्यानं मला विचारलं, "अंजनाबाई, पोते कुठी हाय? तंवर कोनाले सांगून स्टँडावर तरी पाठवा."

मी काही बोलणार तोच खुशबू डाळ घेऊन बाहेर आली. हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. तिनं त्याच्या ताटात डाळ वाढली आणि शांतपणे म्हणाली, "थे पोते सरले, शेठ. तुमी जेवून राह्यले ना, थे त्याच्यावरच शिजलं."

त्याला आधी समजलं नाही. मग त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, पडवीतल्या धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घास हातात तसाच राहिला. मला वाटलं होतं, ह्या वेळी मला त्याची थोडी दया येईल. आली नाही. मी शब्द मोडलेली बाई होते आणि मला गार पाणी प्याल्यासारखं वाटत होतं.

"उठू नका शेठ, पानावरून उठू नाई," सयाबाई म्हणाल्या, आणि सुनेकडे न पाहताच त्यांनी हातानं खूण केली. "खुशबू, त्यायले भात वाढ."

खुशबूनं वाढला.